तळवा म्हणजे थांब

"लपणात शिरलं की बोलायचं नाही," एलियास म्हणाला. "कुजबुजसुद्धा नाही. ओरिक्सचे कान फार तिखट असतात. उजाडल्यापासून दुपारपर्यंत तोंड बंद. जमेल दोघांना?"

मी मान डोलावली. माझ्या सासऱ्यांनीही डोलावली. त्या भल्या माणसाला कोण सांगणार, की या विद्येत आमचा सहा वर्षांचा सराव झालेला होता!

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची, नामिबियातली. मी तिथं बोअर मारणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. राजधानीपासून तीन तासांवर, तांबड्या वाळूच्या आणि काटेरी झाडांच्या मुलखात, एका म्हाताऱ्या बाईंचं शेत होतं. शेत म्हणायचं एवढंच, आपल्याकडची चार-पाच गावं त्यात सहज बसली असती. तिथल्या पाणवठ्याची बोअर मी मारली होती. दर हिवाळ्यात बाई ठरावीक जनावरांची शिकार करू देत आणि मांस शेतावरच्या कुटुंबांत वाटत. त्यातलं एखादं जनावर माझ्या धनुष्याच्या वाट्याला येई. चाकं आणि कप्प्या लावलेलं नवं धनुष्य नव्हे. साधं, उंच, लाकडाचं आणि बांबूचं. अशा धनुष्याला जनावर पंधरा पावलांच्या आत यावं लागतं, म्हणून पाणवठ्याशी दगड रचून केलेलं लपण आणि म्हणूनच ते गप्प बसणं.

एलियास हा तिथला शिकारीचा वाटाड्या. पन्नाशीचा, दामारा जमातीचा, माग काढण्यात पटाईत. आणि माझे सासरे भगवंतराव, म्हणजे आबा, विट्याकडचे. घरात पिढीजात बंदुका. शिकारबंदी आली तेव्हा त्यांनी बंदूक खुंटीला टांगली ती टांगलीच, पण मिशांचा पीळ तेवढा राहिला होता. मी बुरुडाचा मुलगा. सुपं, दुरड्या, टोपल्या विणून अण्णांनी मला इंजिनिअर केलं. त्यांच्या लेकीनं, वैजयंतीनं, माझ्याशी लग्न केलं त्या दिवशी आबा एवढंच म्हणाले, "ह्यानं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई." त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही.

आता वैजूला सहावा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आबांच्या घरात कुणी मोडू शकत नव्हतं. वैजूची आई वर्षापूर्वी गेली होती, म्हणून लेकीला न्यायला सहासष्टाव्या वर्षी आबा स्वतः समुद्र ओलांडून आले होते. आठ दिवसांनी ते तिला घेऊन जाणार होते. ज्या घरात माझं मूल जन्मणार त्या घराच्या उंबऱ्याला मला पाय लावता येणार नव्हता. आणि एकदा नातवंड मांडीवर आलं की आबा त्या दोघांना परत पाठवतील कशावरून? मी हे वैजूजवळ बोललो नव्हतो. पण रोज तिची बॅग भरताना माझे हात जड व्हायचे.

शिकारीची कल्पना तिचीच. जेवताना तिनं सहज विषय काढल्यासारखं केलं.

"आबा, शनिवारी सोपान शिकारीला चाललाय. तुम्हीपण जा की."

"त्यांना सांग, बाणानं पाखरं उडवायला मला वेळ न्हाई."

'त्यांना' म्हणजे मी. त्यांच्यापासून दोन हातांवर बसून आमटी वाढून घेत होतो.

"पाखरं नाहीत हो आबा. ओरिक्स असतं. खोंडाएवढं जनावर, हातभर लांब सरळ शिंगं."

आबांचा घास हातात राहिला. "किती लांबून मारतात?"

"पंधरा पावलांवरून," मी म्हणालो.

आबा वैजूकडे बघत म्हणाले, "त्यांना सांग, थापा मारू नयेत."

आणि शनिवारी पहाटे सगळ्यांच्या आधी बूट घालून गाडीपाशी उभे राहिले.

लपणात जागा जेमतेम दोघांची. धनुष्यवाल्यानं मागं अंधारात बसायचं. त्याला समोरच्या फटीतून फक्त पाण्याची कड दिसते. जनावर कुठून येतंय ते दुसऱ्यानं बाजूच्या भोकातून बघायचं. ते काम एरवी एलियास करी. या वेळी त्यानं ते आबांना दिलं आणि स्वतः मागच्या टेकाडावर दुर्बीण घेऊन बसायचं ठरवलं. त्यानं आबांचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला.

"सपाट तळवा म्हणजे थांब. जनावर आलंय, हलू नको. तळवा आहे तोवर श्वाससुद्धा हळू. बोटानं दोनदा टोचलं की सोड. एवढीच भाषा. कळलं?"

"कळलं," आबा म्हणाले आणि हात पटकन काढून घेतला.

शनिवारचा दिवस रानडुकरांनी आणि रानकोंबड्यांनी खाल्ला. पण दर वेळी काही हललं की आबांचा तळवा माझ्या पाठीवर यायचा. जाड, उबदार, जरासा थरथरणारा. या माणसानं मला कधी वाकून नमस्कारही करू दिला नव्हता. लग्नानंतर मी पायाला हात लावायला गेलो तर पाय मागं घेतले होते. आणि आता दर अर्ध्या तासाला त्यांचा हात माझ्या पाठीवर. खोटं कशाला सांगू, उन्हं वर आल्यावर मी जनावरापेक्षा त्या तळव्याचीच वाट बघत होतो.

रात्री शेतावरच मुक्काम केला. रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास पाठीवर तळवा आला, पण वेगळाच. एकदम घट्ट. मग मला पाण्यात आधी शिंगांचं प्रतिबिंब दिसलं आणि मग जनावर. राखाडी अंग, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं तोंड. एकटा, म्हातारा नर. मान खाली घालून प्यायला लागला. मी दोरी ओढली.

तो आमच्याकडे तोंड करून उभा होता. समोरासमोर. बंदूकवाल्याला यासारखी संधी नाही, छातीत गोळी घातली की झालं. बाणाचं तसं नसतं. बाणाला जनावर आडवं हवं, फऱ्यामागची जागा उघडी हवी. समोरून सोडायचा नाही हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगितलं असतं. थांबायचं होतं, अजून अर्धा मिनिट, तो वळेपर्यंत.

आबांचं बोट माझ्या पाठीत दोनदा रुतलं.

मी बाण सोडला.

दोरीच्या आवाजासरशी तो गर्रकन वळला. बाण लागला, पण मागं, पोटात. तो तीन उड्यांत झाडीत शिरला आणि पाण्यावर नुसत्या लाटा राहिल्या. आबा भोकातून बघतच राहिले होते.

एलियास धावत आला. त्यानं वाळू बघितली, बाणाच्या तुटक्या तुकड्याचा वास घेतला. मग आमच्याकडे वळला.

"समोरून सोडला? खूण कुणी दिली?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "मीच घाई केली."

आबांना इंग्रजी पुरेसं कळत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत.

एलियासनं डोकं हलवलं. "पोटाचा घाव. आत्ता मागं गेलो तर तो दहा मैल पळेल आणि हाल हाल होऊन मरेल. सोडला तर जवळच बसेल. तीन तास थांबायचं. तुम्ही बाईंच्या घरी जा, खाऊन या, मी इथं आहे."

"जखमी जनावर टाकून आमच्यात जेवत नाहीत," आबा त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले आणि जवळच्या झाडाखाली जाऊन बसले. मी चार हात अंतर ठेवून बसलो. एलियास टेकाडावर गेला.

आता बोलायला कुणाची बंदी नव्हती. तरी तास-दीड तास आम्ही मुंग्या बघत काढला.

मग आबा समोरच्या वाळूला म्हणाले, "बोट माझं हुतं."

"मला दिसत होतं, आबा. तोंड आपल्याकडं होतं त्याचं."

"मग सोडलात कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी काय, बंदुकीच्या सवयीनं सांगितलं. तुम्हाला कळत हुतं न्हवं?"

"कळत होतं." मला पुढं बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "सहा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा मला काहीतरी करायला सांगितलंत. नाही कसं म्हणू?"

आबा एकदम तडकले. "अक्कल हाय का? माझं मन राखायला मुक्या जिवाच्या पोटात बाण घातला? बरं केलं म्हणू का वाईट केलं म्हणू?" आणि मिशीला पीळ द्यायला लागले. मला रागावले होते, पण 'त्यांना सांग' म्हणायला तिथं कुणी नव्हतं. सगळी रागवारागवी थेट माझ्या तोंडावर झाली होती, आणि मला वेड्यासारखं बरं वाटत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी झाडाला टेकवलेलं धनुष्य मांडीवर घेतलं. पाठीच्या बांबूच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. पेरांपाशी जरा थांबून पुन्हा फिरवला.

"ही पट्टी कुणी तासली?"

"अण्णांनी. गेल्या खेपेला येताना घेऊन आलो. बाकीचं लाकूड मी इथं जोडलं."

"कुठं उंच न्हाई, कुठं सखल न्हाई. यंत्रावर?"

"नाही. सुरीनं. मांडीवर कातडं टाकून बसतात."

"माप कशानं घेतात मग?"

"अंगठ्यानं. तुम्ही आत्ता फिरवलात तसा."

आबांनी अंगठा उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि धनुष्य जपून जागेवर ठेवलं. ऊन आता पायांवर आलं होतं. ते सरकले, आणि सरकताना आमच्यातलं अंतर हातभर कमी झालं. मुद्दाम की सावलीसाठी, देव जाणे.

"वैजूची आई अंथरुणावरनं आठ दिवस सांगत हुती," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरीला फोन लावा, पोरीला फोन लावा. मी म्हणायचो, लावू उद्या. मनात म्हणायचो, आपण कशाला आधी लावायचा. आठव्या दिवशी ती बोलायचीच बंद झाली. मग लावला. मातीला तरी पोहोचली का पोर? न्हाई पोहोचली."

मला वैजूची ती रात्र आठवली. विमानाचं तिकीट मिळेना म्हणून ती भिंतीला डोकं लावून रडली होती. ते मी आबांना सांगितलं नाही. त्यांना माहीत असल्यासारखंच वाटत होतं.

"आता न्यायला आलोय तर खरा," ते म्हणाले, "पण घरात बाईमाणूस न्हाई. बाळंतिणीला शेक कुणी द्यायचा, पोराला अंघोळ कुणी घालायची... काय ठाव न्हाई मला."

मी धीर केला. "माझी आई आहे, आबा. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर अंघोळ करून मोठी झालीत."

आबांनी मान वर केली. काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात टेकाडावरून एलियासनं शीळ घातली. तीन तास झाले होते.

माग म्हणजे काय असतो ते त्या दिवशी एलियासनं दाखवलं. इथं उलटलेला खडा, तिथं गवताच्या काडीवर वाळलेला काळा थेंब. मध्येच थेंब संपायचे, मग तो माणूस उकिडवा बसून वाळूवर तिरपी नजर टाकायचा. आबा एकदाही मागं पडले नाहीत. धोतराचा माणूस, वैजूच्या आग्रहानं पँट घातलेली, काट्यांनी ती गुडघ्यावर फाटली. मी पाणी पुढं केलं तर म्हणाले, "जनावराला मिळालंय का?" मग मीही प्यालो नाही. दोघंही येडेच.

दोनच्या सुमारास एलियास थांबला. शंभर पावलांवर काटेरी झुडपांची जाळी होती. तिच्यावर शिंगांची दोन टोकं दिसत होती, हलत होती. तो बसला होता आणि जिवंत होता.

"इथून बंदुकीला काट्यांशिवाय काही दिसत नाही," एलियास खांद्यावरची बंदूक उतरवत कुजबुजला. "जवळ जावं लागेल, आणि घायाळ ओरिक्स अंगावर आलं तर शिंगं आरपार जातात. मी डाव्या अंगाला बंदूक घेऊन बसतो. तुम्ही बाण घेऊन सरकत जा. वारूळ आहे ना, तिथपर्यंत."

मी निघालो तर मागं वाळू वाजली.

"आबा, तुम्ही थांबा."

"पाव्हणं," आबा म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी नाव मिळालं. "सकाळी माझ्या बोटानं बिघडलंय. निस्तरायला तुम्हाला एकट्याला धाडू व्हय? चला. मी मागं हाय."

आम्ही पोटावर सरकत वारुळामागं पोहोचलो. पंधरा पावलं भरतील न भरतील. तो पाय दुमडून बसला होता, मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या. बाणाचा उरलेला तुकडा कुशीतून दिसत होता. तोंड पुन्हा आमच्याकडेच. मी गुडघ्यावर आलो आणि बाण दोरीला लावला. त्याच वेळी पाठीवर तळवा आला. सपाट.

थांब.

मी थांबलो. माझ्या घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्यावर तो हात. काल तो थरथरत होता. आता अजिबात नव्हता. त्या जनावराच्या पोटाची धाप मला दिसत होती आणि आबांची धाप ऐकू येत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता टोचतील, आता टोचतील. नाही टोचलं. तळवा तसाच. वारा जरा फिरला. ओरिक्सनं कान हलवले, पुढचे पाय रोवले आणि कष्टानं उठला. अर्धा वळला. तळवा हलला नाही. मी दोरी ओढली, कानापाशी धरली. हात भरून आले. त्यानं आणखी एक पाऊल टाकलं आणि आडवा झाला.

बोट दोनदा टोचलं. अगदी हळू.

या वेळी बाण फऱ्यामागं पिसांपर्यंत गेला. तो वीसेक पावलं चालला, थांबला, आणि गुडघ्यांवर खाली आला. मग आडवा झाला. आम्ही दोघं वारुळाशी तसेच बसून राहिलो. आबांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांनी काही घाई केली नाही.

तिकडच्या शिकाऱ्यांची एक रीत आहे. एलियासनं हिरवी डहाळी तोडली, तिचे दोन तुकडे केले. एक ओरिक्सच्या तोंडात ठेवला. त्याचा शेवटचा घास. जनावराला उपाशी पाठवायचं नाही. दुसरा तुकडा मारणाऱ्याच्या टोपीत खोवतात. एलियास तो माझ्या टोपीत खोवायला आला. आबांनी त्याच्या हातातून घेतला.

"सकाळची चूक ह्यांची नव्हती," ते एलियासला म्हणाले. "खूण मी दिली होती. चूक माझी."

एलियास म्हणाला, "मला माहीत आहे. टेकाडावरून हात दिसत नाही, पण चेहरे नंतर दिसले."

आबांनी डहाळी माझ्या टोपीत खोवली, जरा वाकडी झाली म्हणून काढून पुन्हा खोवली. मग आम्ही तिघं मिळून एका बाटलीतलं पाणी प्यालो.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत झालं. पण घरी आल्यावर आबा पुन्हा पहिल्यासारखेच. वैजूनं खोदून खोदून विचारलं तर म्हणाले, "मिळालं जनावर. बरं हुतं." एवढंच. पाव्हणं नाही, काही नाही. आठ दिवसांनी विमानतळावर मी वैजूची बॅग त्यांच्या हातात दिली. वैजू माझा हात सोडेना. आबांनी घड्याळ बघितलं आणि "येतो" म्हणाले. ये म्हणाले नाहीत. काचेपलीकडे दोघं दिसेनाशी झाली आणि मी गाडीत येऊन बराच वेळ किल्ली न फिरवता बसलो.

पुढचे दोन महिने वैजूचे फोन यायचे. ती बरी होती. आबा तिला सकाळ-संध्याकाळ दूध प्यायला लावायचे. माझा विषय? नाही, काढत नाहीत. मी विचारणं सोडून दिलं.

मग एका रविवारी सकाळी तासगावहून अण्णांचा फोन आला. अण्णा कधी फोन करत नसत.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाई रं. तुझं सासरं आलं हुतं काल."

"कुठं?"

"हितं. आपल्या घरी. म्हणालं, सूप पायजे, बाळ जन्मलं की त्यात घालायला. मी म्हणलं, तयार हाईत चार, त्यातलं एक न्या. तर न्हाई म्हणालं. नवं करा, म्हणालं, मी बसतो. आन बसलं की ओट्यावर! दोन-अडीच तास बसलं. मी बांबूच्या पाती सोलतोय, तर माझ्या अंगठ्याकडंच बघत."

"आणि?"

"तुझ्या आईनं च्या दिला."

मी फोन घट्ट धरला. "प्यायले?"

"दोनदा. तुझ्या आईला म्हणालं, पोरीचं दिवस भरत आल्यात, माझ्या घरात बाईमाणूस न्हाई, तुमी चला. ती आज गेली की कापडं बांधून. आन तुला सांगा म्हणालं, बारशाला न्हाई, त्याच्या आधी ये. मूल झालं की लगीच. घर दाखवायला फाट्यावर स्वतः येतो म्हणालं."

मी कॅलेंडरकडे वळून दिवस मोजायला लागलो. अण्णांना वाटलं फोन तुटला. "हाईस न्हवं?" म्हणून ओरडले.

"आहे, अण्णा."

"आन येक सांगायचं ऱ्हायलं. जाताना सूप काखेत घेतलं, आन दुसरा हात माझ्या पाठीवर ठिवला. आन तसंच हुबं ऱ्हायलं. बोलनात, हलनात. मला तर काय सुधरंना. मी बी आपला हुबा. काय रं असतंय ते त्यांच्यात?"

"काही नाही, अण्णा," मी म्हणालो. "ते तसंच बोलतात."